अंबाड्यासकट

उंच उडी हा तसा विचित्र खेळ आहे. धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेला माणूस रेषा ओलांडतो आणि थांबतो. उंच उडीत जिंकणाऱ्यालाही शेवटी हरावं लागतं. एक उंची पार केली की पंच आडवी दांडी आणखी वर चढवतात, तीही पार केली तर आणखी वर, आणि लागोपाठ तीन उड्या फसेपर्यंत हे असंच चालतं. म्हणजे गळ्यात सुवर्णपदक घालून घरी जाणाऱ्याच्या त्या दिवसाच्या शेवटच्या तीन उड्या बहुतेक वेळा फसलेल्याच असतात. मी अपंगांच्या स्पर्धांत पुष्कळ वर्षं उंच उडी मारली, आणि एक दिवस वगळता दर वेळी दांडी पाडूनच घरी आलो.

त्या एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. पण तो दिवस अक्काशिवाय सांगता येत नाही, आणि अक्काबद्दल लिहायला बसलं की माझा हात सावकाश चालतो. ती जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.

मी बसवनगुडीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घर चामराजपेटेत. आमचं घराणं मूळचं कुठल्या गावचं हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी सैन्याबरोबर इकडे आलं आणि परत गेलंच नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हीची मिसळ, अशी आमची भाषा. शाळेत असताना मार्केटजवळ लॉरीखाली माझा डावा पाय गेला, गुडघ्याच्या वरून. लोकांना त्याबद्दल खूप ऐकायचं असतं. माझ्यापाशी सांगण्यासारखं फारसं नाही. पाय गेला, मी राहिलो.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेल्यामुळे माझी आई, बाप आणि शेजारपाजार सगळं तीच. ती शहर बसमध्ये कंडक्टर होती. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, डोक्याच्या अगदी वर घट्ट बांधलेला अंबाडा आणि भरल्या बसच्या मागच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. मी मुळातच कमी बोलणारा. आमच्या दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलायची.

उंच उडीची सुरुवात झाली ती तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांमुळे. आमच्या घराच्या बोळात तिनं निळी नायलॉनची दोरी बांधली होती, कमरेच्या जरा खाली, ओल्या कपड्यांनी झोळ पडलेली. कुबड्या घेऊन त्या दोरीखालून वाकून जाणं मला जमत नसे. एकदा वैतागून मी कुबड्या टाकल्या, एका पायावर दोनचार लंगड्या घातल्या आणि दोरीवरून पलीकडे गेलो. पडलो, पण पलीकडे. अक्का दारात उभी होती.

"अय्यो! पुट्टा, काय केलंस हे?"

पुट्टा म्हणजे कन्नडात बाळ, ती मला कायम तेच म्हणायची. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिनं दोरीवरची चादर काढली, दोरी ताणून जरा वर बांधली आणि म्हणाली, "सरी. आता परत कर बघू."

चामराजपेटेतल्या गादीवाल्याकडून तिनं जुन्या, टाकाऊ कापसाच्या गाद्या आणल्या आणि शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात आमचा सराव सुरू झाला. पुढे नीट प्रशिक्षक मिळाले, फोमची गादी मिळाली, पण पाया त्या बोळात घातला गेला होता.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. माझ्या गटात काही जण कृत्रिम पाय लावून उडी मारतात. मी तो काढून बाकावर ठेवायचो आणि एकाच पायावर लंगडी घालत दांडीकडे जायचो. दोन पायांचा उडीबाज एका पायानं जमीन रेटतो आणि दुसरा पाय वर फेकून अंगाला उचल देतो. माझ्याकडे फेकायला दुसरा पाय नाही. ज्या पायानं धावायचं त्याच पायानं उडायचं, आणि उचल द्यायची ती दोन्ही हातांनी. दांडीपाशी पोचल्यावर पाठ तिच्याकडे करायची. आधी डोकं पलीकडे जातं, मग खांदे, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी पाय. दांडी बहुतेक वेळा या शेवटच्या पायानं पडते. इतरांना असे दोन शत्रू असतात, मला एकच, असं मी नवीन मुलांना सांगतो. ती हसावं की नाही या विचारात पडतात.

पंचांच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये असायच्या, आमच्या मात्र अक्काच्या अंगावर. ती दांडीशेजारी ताठ उभी राहायची आणि मी बघायचो, आज कुठवर आलो. खांद्यापासून सुरुवात झाली. हनुवटीला बरीच वर्षं लागली. नाकापाशी आलो तेव्हा राज्यातलं पहिलं पदक मिळालं.

"तू माझ्यावरून गेलास ना पुट्टा," ती म्हणायची, "त्या दिवशी मी तोंड मिटून बसेन. अख्खा दिवस."

"तुझ्यावरून म्हणजे डोक्यावरून. अंबाडा सोडून."

"का सोडून? अंबाडा काय शेजारणीचा आणलाय? माझाच आहे तो."

"कंडक्टरच्या भरतीत तुझी उंची मोजली तेव्हा धरला होता का?"

"नाही ना! त्या साहेबानं पट्टी अशी दाबली वरून, चेपून टाकला बघ. तेच दुखतंय मला इतकी वर्षं." आणि तिनं सरावाच्या खांबावर आपल्या अंबाड्याच्या वर खडूनं रेघ मारली. "इथपर्यंत मी. याच्या खालची उडी चालणार नाही."

तिच्या आवाजाचा एक प्रताप सांगितला पाहिजे. बेंगळुरूच्या बसमध्ये माणसं चढून झाली की कंडक्टर ओरडतो, "रैट! रैट!" मग ड्रायव्हर गाडी हलवतो. माझ्या प्रत्येक उडीआधी प्रेक्षकांतून अक्काचं "रैट! रैट!" यायचं. ते आल्याशिवाय माझा पाय जमिनीवरून सुटत नसे. एका स्पर्धेत मैदानाच्या पलीकडच्या बाजूला शंभर मीटरचे धावपटू रेषेवर वाकून पिस्तुलाची वाट बघत होते. अक्का ओरडली, आणि अर्धे धावपटू सुटले. पिस्तूल हातातच राहिलेला पंच लाल होऊन प्रेक्षकांकडे बघत विचारत होता, कोण ओरडलं? खाकी शर्टातली माझी बहीण आकाशाकडे बघत भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

निखिलशी ओळख झाली ती अशाच एका स्पर्धेत. तो नागपूरचा, आयटीत नोकरी, कोरमंगलाच्या पीजीत राहायचा. लहानपणी पोलिओ झालेला, एक पाय बारीक आणि आखूड. माझ्याच गटातला, म्हणजे माझा प्रतिस्पर्धी. बोलायला लागला की अक्काच्या तोडीस तोड.

आमच्या खेळात एकमेकांची अंगं उसनी घ्यायची रीत आहे. हात नसलेल्याच्या बुटाची नाडी शेजारचा बांधतो, न दिसणाऱ्याला कुणी पाण्यापाशी नेतं. अर्ध्या तासानं दोघं एकमेकांना हरवायला उभे असतात, पण नाडी सैल बांधली असं मी कधी पाहिलं नाही. बुटांचंही तसंच. ते जोडीनं विकत मिळतात आणि मला लागतो एक. दुसऱ्या राज्यातला एक उजवा पाय नसलेला उडीबाज नेमका माझ्या मापाचा निघाला. आम्ही एक जोड घ्यायचो आणि वाटून घ्यायचो. निखिलचे दोन पाय दोन मापांचे, त्याला दोन जोड घ्यावे लागत. सत्कार समारंभांत मात्र आयोजक हटकून मला बुटांचा नवा जोड द्यायचे, आणि तो घ्यायला कठडा नसलेल्या पायऱ्यांवरून मला व्यासपीठावर चढवायचे.

तर, अंगं उसनी घेण्याबद्दल. धावायला सुरुवात कुठून करायची याची खूण प्रत्येक उडीबाज आधीच मोजून ठेवतो. टाचेला बोट लावत, पावलापुढे पाऊल ठेवत मोजायची साधी पद्धत आहे. एका पायाच्या माणसाला ते कसं जमणार? माझी खूण अक्काच मोजायची, तिच्या पावलांनी. सरावात ते ठीक होतं. पहिल्या मोठ्या स्पर्धेत तिला फाटकावरच अडवलं. मैदानात फक्त खेळाडू आणि पंच. ती जाळीपलीकडून ओरडत राहिली, आणि माझी खूण निखिलनं मोजली.

"काही टेन्शन नका घेऊ भाऊ. अक्कांची पावलं किती? माझं जरा मोठं आहे, थोडी कमी टाकतो."

त्यानं एक पाऊल मोठ्या पायाचं टाकलं, एक छोट्या पायाचं, पुन्हा एक मोठ्या पायाचं. मी बघत होतो, तोही बघत होता, आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही की त्याची पावलं एकमेकांशीच जुळत नाहीत. हिशेब मोठ्या पावलाचा धरलेला, आणि निम्मी पावलं छोटी. माझी खूण दांडीच्या इतकी जवळ आली की तीनही वेळा मी दांडीला आलिंगनच दिलं. सगळ्यात खालची उंचीही पार झाली नाही. निखिल दुसरा आला आणि पदक घेऊन माझ्यासमोर रडवेला उभा राहिला.

"आईशप्पथ भाऊ, मी मुद्दाम नाही केलं."

अक्का जाळीला धरून इतकी हसत होती की रखवालदारानं तिला पाणी आणून दिलं. "अरे, दोन मापांचे बूट घालतोस रोज! तुला नाही ठाऊक तर कुणाला ठाऊक?"

घरी गेल्यावर तिनं बोळातली ती निळी दोरी सोडली, अंगणात पसरली, तिच्या कडेनं आपली पावलं टाकली आणि संपतील तिथे गाठ मारली. "घे. आता मी नसले तरी माझी पावलं तुझ्याबरोबर." ती मैदानाच्या फाटकाबद्दल बोलत होती. प्रशिक्षक म्हणाले, टेप वापरा. आम्ही हो म्हणालो आणि दोरी वापरत राहिलो. त्या दोरीनं मला बरंच काही दिलं: राज्याची पदकं, देशाची दोन, आणि एकदा परदेशात पाचवा क्रमांक. दांडी हळूहळू अक्काच्या कुंकवापर्यंत आली, मग भांगापर्यंत.

आणि ती आजारी पडली. थोडे दिवसच. दवाखान्यात आवाज बसला होता, तरी नर्सला विचारायची, याच्या डब्यात काय आहे बघा, जेवला नसेल. एका दुपारी मला म्हणाली, "भांग झाला. आता स्वल्पच उरलंय."

"हो अक्का. अंबाडा सोडून स्वल्पच."

तिनं मान हलवली. "सकट," म्हणाली.

ती गेल्यावर मी सुट्टी घेतली नाही. ग्रंथालयात बसलो की पुस्तकांत लक्ष लागत नसे, म्हणून सकाळ-संध्याकाळ मैदानावर जाऊ लागलो. इतका सराव मी तरुणपणीही केला नव्हता. खांबावरची खडूची रेघ पावसानं पुसली होती, पण ती उंची मी टेपनं कधीच मोजून ठेवली होती. त्या वर्षीची राज्य स्पर्धा बेंगळुरूतच होती. माझं वय झालं होतं, एकुलत्या गुडघ्याची कुरकूर वाढली होती; ही शेवटची स्पर्धा हे मी ठरवलं होतं. पदकाची फारशी ओढ नव्हती. अक्काचं राहिलेलं तेवढं पार करायचं होतं, आणि तेही तिच्या अटीवर.

त्या दिवशी आम्ही मोजकेच होतो. एकेक जण गळत गेला आणि मी आणि निखिल उरलो. दांडी अशा उंचीवर आली, जी अक्काच्या भरतीतल्या उंचीहून जेमतेम बोटभर कमी होती. मी दुसऱ्या प्रयत्नात पार गेलो. निखिलच्या तिन्ही उड्या फसल्या. तो गादीवरून उठून लंगडत सरळ माझ्याकडे आला आणि त्यानं मला मिठी मारली. मी जिंकलो होतो.

आता आमच्या खेळातला एक सुंदर नियम. एकटा विजेता उरला की पुढची उंची त्याला विचारून ठेवतात. पंच एक जुने पीटीचे मास्तर होते. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "एष्टु सार?" किती ठेवू?

निखिल कानाशी लागला. "बोटभर वर घ्या भाऊ. डोक्यावरून गेलात की झालं. अंबाडा सोडा."

मला पायात उरलेल्या उड्या कळत होत्या. फार तर तीन. खालच्या उंचीवर त्या खर्च केल्या तर वरच्या उंचीला काही उरणार नव्हतं. मी मास्तरांना अंबाड्याची उंची सांगितली. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर मी कधीच गेलो नव्हतो. त्यांनी दांडी चढवली आणि पट्टीनं मधोमध मोजली.

पहिली उडी खांद्यानंच फसली. दुसऱ्या वेळी मी उंच गेलो, पुरेसा उंच गेलो, हे मला हवेत कळलं. पण वर जाऊन सरळ दांडीवरच उतरलो. लाल झेंडा. गादीवर पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की दोन्ही वेळा कुणी "रैट" म्हटलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा मी खुणेवर उभं राहून त्याची वाट बघितली होती.

निखिल दोरीच्या गाठीपाशी उभा होता. "तुम्ही दांडीच्या एकदम जवळ येऊन राहिले भाऊ. खूण मागे घ्या."

"खूण बरोबर आहे. दोरी आहे ती."

"दोरीच आहे ना भाऊ. दोरी बांधली तेव्हा तुमच्या लंगड्या छोट्या होत्या. वर्षभर वेड्यासारखा सराव केला तुम्ही, ढांगा लांबल्या. या गाठीवरून धावाल तर दर वेळी दांडीच्या पोटात शिराल."

"अक्काची पावलं आहेत ती, निखिल."

"मला माहीत नाही का?" तो एकदम चिडून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण अक्का इथं असत्या तर त्यांनी पुन्हा मोजलं असतं की तुम्हाला गाठीवर उभं करून ठेवलं असतं? सांगा ना."

मास्तर घड्याळाकडे बघत होते. मी गाठीकडे बघितलं. आयुष्यभर अक्कानं भरल्या बसमध्ये माणसांना एकच गोष्ट सांगितली होती: स्वल्प हिंदे सरका, स्वल्प मागे, जागा आहे मागे. इतक्या लोकांना हलवणारी बाई मला एका गाठीला बांधून का ठेवील?

मी दोरी उचलायला सांगितली. निखिलनं ती गुंडाळून गळ्यात घातली. गाठ होती त्याच्या एक पाऊल मागे, माझ्या स्वतःच्या पावलानं एक, मी पाय रोवला. दांडी दूर वाटत होती. प्रेक्षकांत नेहमीची कुजबुज होती, कुणी डबा उघडत होतं. मी वाट बघणं सोडलं. पोटात हवा भरली आणि ओरडलो.

"रैट! रैट!"

मी जन्मात इतक्या मोठ्यानं बोललो नव्हतो. मास्तरांच्या हातातला झेंडा हलला. सुदैवानं शंभर मीटरवाले तेव्हा रेषेवर नव्हते.

मग लंगडी, लंगडी, वेग आला, दांडी या वेळी जिथे हवी तिथे होती. हात वर फेकले. डोकं गेलं, खांदे गेले, पाठीखाली काहीच लागलं नाही, आणि मी माझ्या एकुलत्या शत्रूला जीव खाऊन वर खेचलं. गादीवर आदळलो तेव्हा टाचेला दांडीचा निसटता स्पर्श जाणवत होता. वर बघितलं. दांडी थरथरत होती. थरथरत राहिली, आणि मग थांबली. जागेवर.

पांढरा झेंडा.

निखिल ओरडत गादीवर येऊन पडला, त्याच्या गळ्यातली दोरी माझ्या तोंडावर. प्रेक्षक उभे राहिले होते, ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही. मास्तर जवळ आले, हसत म्हणाले, "इन्नू, सार?" आणखी?

नियमानं मला आणखी वर जाता आलं असतं, दांडी पडेपर्यंत. "बेड सार," मी म्हणालो. नको. "पुरे."

त्यांना ते पटायला वेळ लागला. इतक्या वर्षांत त्यांनी असा उडीबाज पाहिला नव्हता म्हणाले, जो दांडी वर ठेवून घरी जातो. मी त्यांना एवढीच विनंती केली की मी पाय लावून येईपर्यंत ती उतरवू नका. बाकावर बसून पाय चढवला, पट्टा आवळला आणि चालत जाऊन दांडीशेजारी उभा राहिलो, सरळ, दोन्ही पायांवर. दांडी माझ्या भुवयांपाशी आली. बसथांब्यावर अक्का शेजारी उभी राहायची तेव्हा तिच्या अंबाड्याचं टोक बरोबर तिथेच यायचं. म्हणाली होती, त्या दिवशी तोंड मिटून बसेन. बोलल्याप्रमाणे बसली होती.

निखिल मागून आला. दोरी अजून त्याच्या गळ्यातच होती.

"अंबाडा धरून ना भाऊ?"

"धरून," मी म्हणालो.